शेवटचा हात

“फुटली!” टाव्हरे ओरडले.

ओरडायची काही गरज नव्हती. चाचणीच्या पेटीच्या काचेतून आम्हा चौघांनाही दिसत होतं. खालून तीन पिना वर आल्या, चकतीच्या पोटाला टेकल्या, आणि चकती उचलली जायच्या ऐवजी मधोमध फुगली आणि पापड मोडावा तशी मोडली. पंधरा दिवसांतली ही तिसरी.

निनाद पोतनीस पेटीपाशी वाकून उभा होता तो तसाच राहिला. त्याच्या डोक्यातून ही सगळी भानगड निघालेली. शेजारी मोघे साहेब, आमचे मालक, चष्मा काढून पुसायला लागले. ते चष्मा पुसायला लागले की कुणाची तरी धडगत नाही हे आम्हाला पाठ झालेलं.

“पोतनीस, वीज बंद केली होती?”

“हो सर.”

“मग सोडत का नाही ही?”

“बघतो सर.”

“तीन वेळा बघितलंत.”

मी मागे उभी होते आणि मला भयंकर राग आला होता. चकती फुटल्याचा नव्हे, चकत्या बंगळूरच्या कंपनीच्या होत्या. चकतीखालची तबकडी माझ्या हातची होती, आणि ती कुणालाही दाखवावी अशी झाली होती. माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप नव्हतं, आजही नाही. मी सरळ म्हणाले, “डिझाइनच धड नाही, तर घासणाऱ्यानं काय करायचं? नाचता येईना, अंगण वाकडं!”

निनादनं मागे वळून पाहिलं. मोघे साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“गुरुवारी बंगळूरची माणसं येतायत. त्यांच्यासमोर चकती अलगद उचलली गेली नाही तर हे काम बंद. आणि पोतनीस, मग शुक्रवारी तुम्ही यायचं काही कारण उरणार नाही.”

असं चारचौघांत बोलले. तो दिवस शुक्रवारच होता.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं होतील. भोसरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना, चाळीसेक माणसं. आम्ही पंपाच्या सीलच्या कड्या करायचो. पंपातून पाणी गळू नये म्हणून दोन कड्या एकमेकींवर फिरतात, त्यांची तोंडं आरशासारखी लागतात. जरा मंद राहिली की पंप गळला आणि गिऱ्हाईक दारात. ती तोंडं घासायचं काम माझं, सुलभा ढमालेचं. बावीस वर्षं मी तेच केलं होतं. मला शिकवलं दत्तोबा मिस्त्रींनी. त्यांचा एक नियम होता: तपासणी झाली, कागदावर सही झाली, तरी तुकडा डब्यात घालायच्या आधी मऊ कापडावर हिऱ्याची पेस्ट लावून शेवटचा हात मारायचा. पाच-दहा मिनिटं. “सही त्यांची, हात आपला,” म्हणायचे. माझ्या टेबलावरून मंद तुकडा कधी गेला नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगू शकत असे. आणि सांगतही असे, कुणी विचारलं नाही तरी.

अशा कारखान्यात हा निनाद आला. वय सव्वीस-सत्तावीस, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून. मोघे साहेबांना त्यानंच गळ घातली की चिनी मातीच्या जातीच्या तबकड्यांचं हे काम आपणही करू शकतो. पहिल्याच दिवशी तो माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसला.

“ताई, केसांतून फणी फिरवली की कागदाचे कपटे चिकटतात ना?”

“माझ्या केसांत आता काही चिकटत नाही. कामाचं बोल.”

“हे तेच आहे. ज्या चकतीवर चिप बनवतात ती धरायला ना चिमटा चालत, ना डिंक. म्हणून खाली ही तबकडी, तिच्यात वीज. वीज चालू केली की चकती घट्ट, बंद केली की मोकळी.”

“मग अडलंय कुठं?”

“वरच्या पृष्ठभागावर,” म्हणून त्यानं ड्रॉइंग पसरलं.

ते ड्रॉइंग बघून माझं डोकंच फिरलं. ताटाएवढी तबकडी, मी जिवापाड घासून सपाट करून द्यायची, आणि मग हा तिच्यावर जाळी ठेवून वाळूचा मारा करून घेणार. का, तर मधला भाग खणला जाऊन अकराशे बारीक उंचवटे उभे राहावेत. अंगावर पुरळ उठावी तसे. चकती म्हणे फक्त त्या उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकणार. आणि मग तबकडी परत माझ्याकडे, माथे नीट करायला.

“सपाट करायची, मग खराब करायची, मग परत माझ्याकडे? तुला दुसरं काम नाही का रे?”

तो हसला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माथ्यांच्या खडबडीतपणाचे दोन आकडे होते, शून्य पूर्णांक तीन आणि शून्य पूर्णांक पाच.

“हे दोन कशाला?” मी विचारलं. “वरचा ठीक आहे, याहून खडबडीत नको. हा खालचा कशाला?”

“याहून गुळगुळीतही नको.”

“याहून गुळगुळीत नको! असं कुठं असतं का?”

“ताई, वीज बंद केली तरी जिथं खरोखर टेकतं तिथं थोडी रेंगाळते. टेकणं जितकं कमी, तितकं लवकर सुटतं. अगदी गुळगुळीत केलं तर…”

तो पुढं बरंच काही बोलला. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, पुस्तकातले पंडित. आमच्या धंद्यात आकडा जितका खाली तितकं काम चांगलं, आणि त्याची कुणी आजवर तक्रार केली नव्हती. तरी मी त्याच्या आकड्यात तबकडी बसवली. आमचे तपासनीस टाव्हरे यांनी यंत्राची सुई माथ्यांवरून फिरवली, शून्य पूर्णांक चार लिहिलं, सही केली. मग मी ती धुऊन, पुसून पिशवीत घातली. नंतर पिशवी सील. ती परत उघडून कुणी मोजत नसे, सुईचा ओरखडा राहतो म्हणून.

पहिली चकती फुटली तेव्हा निनादनं पिना बदलल्या आणि तशीच दुसरी तबकडी करून घेतली. दुसरी फुटली तेव्हा विजेचा दाब कमी केला आणि उंचवटे अकराशेचे आठशे केले. म्हणजे नवी तबकडी, म्हणजे मला परत सगळं पहिल्यापासून. तिसरी फुटली त्याची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली. शनिवारी हा पठ्ठ्या परत दारात, हातात चौथी.

“आता काय, सहाशे?”

“सहाशे.”

“उद्या म्हणशील एकच ठेवा, मधोमध, आणि त्याला शेंदूर लावा!”

या वेळी तो हसला नाही. डोळे खोल गेले होते. डबा आणेनासा झाला होता, म्हणून मी माझ्यातली अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी त्याच्यापुढे सरकवली. राग होता तो होताच, पण उपाशी माणसावर ओरडायला मजा येत नाही. त्यानं दोन घास खाल्ले आणि खाली बघत विचारलं,

“ताई, एक विचारू? रागावू नका.”

“म्हणजे रागावण्यासारखंच आहे.”

“तपासणी झाल्यावर तुम्ही तबकडीला काही करत नाही ना? फुटलेल्या चकतीखालची मी उजेडात धरून बघितली. माथे चमकतायत असं वाटलं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कालचं पोर, आणि बावीस वर्षांच्या माणसाला विचारतंय!

“चमकणारच, मी घासलीय ती! तुझं गणित चुकतंय ते बघ आधी, माझ्या हाताला नावं ठेवू नकोस. काही करत नाही मी. टाव्हऱ्यांचा कागद बघ, त्यावर लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“मग झालं.”

“सॉरी ताई.” त्यानं उरलेली भाकरी संपवली आणि गेला.

ही थाप होती का? आज म्हणेन, होती. तेव्हा मला तसं वाटलंच नाही. शेवटचा हात म्हणजे काही काम नव्हे. घराबाहेर पडताना आरशात बघून टिकली नीट करतो, तसला प्रकार. ते कुणी मोजतं का, कागदावर लिहितं का? मंगळवारी चौथी तबकडी तयार झाली. टाव्हऱ्यांनी मोजली, सही केली, आणि मी नेहमीसारखं कापड काढलं, पेस्ट लावली, दहा मिनिटं हात मारला आणि पिशवी सील केली. उलट जरा जास्तच मारला. म्हटलं, बंगळूरची माणसं बघणार आहेत.

बुधवारी दुपारी मी कड्यांचं नेहमीचं काम करत होते. शेजारच्या टेबलावर टाव्हरे कुंथत होते. बघते तर त्यांच्या हातात स्लिप गेज. मापं तपासायचे ते पोलादी ठोकळे, आरशासारखे घासलेले. दोन ठोकळे एकमेकांना चिकटवून ठेवले होते, आणि आता हे महाशय ते दोन हातांनी सरळ ओढत होते.

“अहो टाव्हरे, काय रस्सीखेच लावलीय? ओढून सुटतात का ते कधी?”

“सकाळपासून चिकटलेत हो.”

“चिकटणारच. इतके गुळगुळीत ठोकळे सरळ ओढले तर सुटायचे नाहीत. बाजूला सरकवा, अलगद…”

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

पेटीतल्या पिना चकतीला सरकवत नव्हत्या. त्या सरळ वर ढकलत होत्या.

“काय झालं?” टाव्हऱ्यांनी विचारलं.

“काही नाही. पाणी पिऊन येते.”

पाणी कसलं पिते! नळ उघडा सोडून तशीच उभी राहिले. हजार वेळा मी ते ठोकळे चिकटवले होते, हजार वेळा सरकवून सोडवले होते. ‘याहून गुळगुळीतही नको.’ पोरानं पहिल्याच दिवशी, माझ्या टेबलाशी बसून, मराठीत सांगितलं होतं. आणि मी प्रत्येक तबकडी हौसेनं चकचकीत करून त्याच्या हातात देत होते, वर त्यालाच नाच शिकवत होते.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. त्याच्या टेबलापर्यंत वीस पावलं होती. तो डोकं धरून आकडेमोड करत बसला होता. मी दहा पावलं गेले आणि परत फिरले. बावीस वर्षं ‘ढमालेबाईंचा तुकडा’ म्हणून डोळे मिटून घेतात लोक, त्यांना काय सांगू? आणि त्याला काय सांगू, भाकरी खाताना तू विचारलंस तेव्हा मी तुला झापलं, ते खोटं होतं? माझ्याच्यानं झालं नाही. मी स्वतःला समजावलं, बोलायचं कशाला, दुरुस्त करू.

गुरुवारी सकाळी सातला मी कारखान्यात होते. पिशवी फाडली. घासायच्या लोखंडी पाटावर जरा भरड पावडर घेतली, तबकडी उपडी ठेवली आणि मोजून वीस फेरे दिले. हलक्या हातानं. माथ्यांवरची चमक गेली, राखेसारखे मंद झाले. सुई फिरवली, शून्य पूर्णांक चार. धुतली, पुसली. कापड समोरच होतं, पेस्टची डबीही. इतकी मंद तबकडी हातातून जाऊ द्यायची म्हणजे शेंबडं पोर लग्नाला नेण्यासारखं वाटत होतं, हात नुसते शिवशिवत होते. डबी खणात टाकून खणाला किल्ली लावली, तेव्हा कुठं नवी पिशवी सील करता आली.

अकराला बंगळूरची माणसं आली. दोघे पुरुष आणि पद्मिनी मॅडम, त्यांच्या मुख्य. बोलणं सगळं हिंदीत. निनादनं तबकडी बसवली, चकती ठेवली, पेटी बंद केली. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. वीज चालू केली, चकती घट्ट बसली. वीज बंद केली. मी देवाचं नाव घेतलं. पिना वर आल्या, आणि चकती हातात ताट उचलावं तशी अलगद, सगळीकडून सारखी, वर आली.

टाव्हऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोघे साहेबांनी चष्मा न पुसताच हसून घेतलं. परत करून बघितलं, दहा वेळा. दहाही वेळा सुटली. निनाद काचेला नाक लावून बघत होता. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे, दोघंही.

मग पद्मिनी मॅडमनी वहीतून मान वर केली. “आधीच्या तीन का फुटल्या?”

निनाद काचेपासून सरळ झाला.

“या वेळी काय बदललं तुम्ही?”

“उंचवटे कमी केले, मॅडम. पिनांचा वेगही कमी केला.”

“त्यानं फरक पडला?”

मोघे साहेब त्याच्याकडे बघून मान डोलवत होते. हो म्हण, हो म्हण. मीही मनात तेच म्हणत होते. एक शब्द तर बोलायचा होता मेल्याला!

“मला तसं वाटत नाही,” निनाद म्हणाला. “माझ्या हिशेबानं या दोन्हींनी एवढा फरक पडत नाही. खरं सांगायचं तर ही का सुटली ते मला माहीत नाही.”

असा संताप आला मला! नोकरी वाचलेली, सगळे खूश, आणि हा हरिश्चंद्राचा अवतार भर सभेत म्हणतोय, मला माहीत नाही! पद्मिनी मॅडमनी वही मिटली.

“सॉरी, मिस्टर मोघे. का सुटली हे यांना माहीत नसेल, तर पुढची सुटेल याची हमी कोण देणार? असं काम आम्ही घेऊ शकत नाही.”

त्या पर्स उचलायला लागल्या. मोघे साहेबांनी चष्मा काढला. निनादनं पेटीची वीज बंद केली आणि वायर गुंडाळायला घेतली. अगदी नीट, एकेक वेटोळं करून. ती वायर बघवेना मला.

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

सगळे वळले.

“का सुटली ते मला माहीत आहे. आधीच्या का फुटल्या तेही. पोराचं ड्रॉइंग पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी तपासणीनंतर घासत होते. चारही तबकड्या. आज सकाळी ही परत खडबडीत केली, म्हणून सुटली.”

माझं हिंदी यथातथाच, पण हे सगळ्यांना कळलं. मोघे साहेब लाल झाले. “ढमालेबाई, तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं होतं घासायला?”

“कुणी नाही. म्हणून तर घासत होते.”

पद्मिनी मॅडमनी पर्स खाली ठेवली. “दाखवाल?”

दाखवलं. खण उघडून डबी काढली. त्याच तबकडीवर, सगळ्यांसमोर, दहा मिनिटं शेवटचा हात मारला. टाव्हऱ्यांची सुई शून्य पूर्णांक शून्य पाचावर आली आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. तबकडी पेटीत गेली. वीज चालू, वीज बंद, पिना वर. चौथी चकती फुटली. मॅडमनी मान हलवली आणि वही परत उघडून लिहायला घेतलं. परत खडबडीत केली, पाचवी चकती अलगद उचलली गेली. दुपारी चार वाजायच्या आत दहा तबकड्यांचं काम आम्हाला मिळालं होतं.

ती माणसं गेल्यावर मोघे साहेब मला काही बोलले नाहीत. काम मिळालं होतं, त्यांना पुरलं. मी कापड धूत होते तेव्हा निनाद टेबलाशी आला. स्टूल ओढलं नाही, उभाच राहिला.

“मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“हो रे. चुकलं माझं. मला तेव्हा खरंच वाटलं नव्हतं की…”

“काल दुपारी तुम्ही माझ्या टेबलाकडे आला होतात आणि परत गेलात. तेव्हा माहीत होतं?”

त्यानं पाहिलं होतं तर. मी हो म्हणून मान हलवली.

“पंधरा दिवस झोपलो नाही मी, ढमालेबाई,” तो म्हणाला आणि गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं. तोवर त्यानं मला कधी ढमालेबाई म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून त्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर तळाशी एक ओळ यायला लागली: ‘तपासणीनंतर पृष्ठभागाला हात लावू नये.’ नवी माणसं समजायची, गिऱ्हाइकाची अट आहे. काम वाढलं, तबकड्यांसाठी वेगळी खोली झाली, आणि तिथं घासायला त्यानं मलाच घेतलं. वागायला चांगला होता, दिवाळीला घरी मिठाईही पाठवायचा. पण ढमालेबाई ते ढमालेबाईच. सहा वर्षं.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी चहा-समोसे, शाल, नारळ, सगळं झालं. तरी एक तबकडी टेबलावर राहिली होती, ती संपवून जाते म्हटलं. टाव्हऱ्यांनी मोजली, सही केली आणि डोळे पुसत बाहेर गेले. तबकडी माझ्यासमोर, तशीच, मंद. आणि कुणास ठाऊक कसा, माझा हात खणाकडे गेला. शेवटचा तुकडा होता ना. डबीचं झाकण नुसतं चाचपलं, उघडलं नव्हतं. दारात निनाद कधीचा उभा होता ते मला कळलंच नाही.

“राहू द्या, ताई,” तो म्हणाला.

मी डबी त्याच्या हातात दिली आणि तबकडी पिशवीत घालून सील केली.